रोलर आधी परत करा

पत्र: नागपूरच्या बेसा भागात आम्ही गेल्या वर्षी घर बांधलं. पुढे ४० बाय २५ फुटांचं अंगण आहे, माती काळी. तिथे हरळी माजली होती, ती खणून काढली आणि मृगात मेक्सिकन लॉनच्या लाद्या बसवून घेतल्या. महिनाभर दृष्ट लागेल असं दिसत होतं. मग झड लागली. आता निम्मं लॉन पिवळं पडलंय आणि पाय ठेवला की पचपच आवाज येतो. माळीदादांनी दोनदा युरिया टाकला, जमीन बसावी म्हणून रोलर फिरवला. आता म्हणतात, एक ब्रास रेती आणा, मिसळून देतो. यजमान म्हणतात, जिप्सम टाकू. सासूबाई म्हणतात, दूर्वा उपटल्यात त्याचं हे फळ. मधून मधून हरळी आणि लव्हाळा पुन्हा डोकं वर काढतायत. नेमकं कोणाचं ऐकू? आणि कापायचं मशीन कोणतं घेऊ?

उत्तर:

ताई, आधी रोलर. भाड्याचा असेल तर आजच परत करा, माळीदादांचा असेल तर त्यांच्या घरी पोचता करा. ओल्या काळ्या मातीवर तो पुन्हा फिरायला नको. बाकीचं सावकाश बोलू, घाई एवढ्याचीच आहे.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात मनगट जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. फुगलेल्या मातीत हवेला आधीच जागा कमी. त्यावर रोलर फिरवला की उरलीसुरली फटही मिटते. कुंभार भांडं घडवण्याआधी माती मळतो, तुम्ही अंगण मळलंत. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. वर्ध्याला आमच्या घरी मी स्वतः एक सिमेंटचा पाइप काँक्रीटने भरून रोलर बनवला होता आणि मोठ्या हौसेने भर श्रावणात फिरवला होता. दिवाळीत तिथे सब्बल मारली तर टण्ण आवाज आला आणि हात झिणझिणला. ती जमीन पूर्वपदावर यायला दोन उन्हाळे गेले.

आता एक करा. दोन दिवस उघडीप मिळाली की पिवळ्या भागातून सुरीने सहा इंच लांब-रुंद चौकोन कापा आणि तितकाच खोल खणून तो ठोकळा वर्तमानपत्रावर ठेवा. मला न बघताही अंदाज आहे तुम्हाला काय दिसेल ते. वर गवत, त्याखाली बोटभर लाल माती, कारण लाद्या बहुतेक लाल मातीतच वाढवलेल्या असतात. त्याखाली एकदम काळी. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. मुळं त्या रेघेपर्यंत येतात आणि आडवी वळतात, खाली एकही जात नाही. ठोकळा नाकाशी धरा. पावसाळी मातीचा वास येण्याऐवजी गटारासारखा येत असेल आणि मुळांची टोकं तपकिरी-काळी झाली असतील, तर तुमचं गवत उपाशी नाही, ते गुदमरलंय.

दोन वेगळ्या जातीच्या माती एकावर एक ठेवल्या की पाणी त्या सीमेवर अडतं. लाल मातीत ते झटकन शिरलं, खाली फुगलेली काळी. ती एकदा भिजली की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी पिते, आणि आपल्याकडची एखादी सर अर्ध्या तासात त्याच्या कितीतरी पट ओतून जाते. उरलेलं पाणी त्या बोटभर लाल थरात डबक्यासारखं बसून राहतं. गवताची सगळी मुळं नेमकी तिथेच.

अशा मातीत युरिया टाकला तर काय होतं? श्वास कोंडलेल्या मुळाला समोर वाढलेलंही उचलता येत नाही. शिवाय पाणी साचलेल्या मातीतले जिवाणू नत्राचा वायू करून तो हवेत सोडून देतात. म्हणजे पैसे उडाले, अगदी शब्दशः. जे थोडं गवताला मिळालं त्याने पातं लुसलुशीत झालं, आणि ओलसर हवेत लुसलुशीत पातं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पावसाळा संपेपर्यंत एकही दाणा टाकू नका.

खरं काम पाण्याला वाट देण्याचं आहे. तुमच्या पत्रात खत आहे, रेती आहे, जिप्सम आहे. पाणी अंगणातून बाहेर कुठून जातं याचा एक शब्द नाही. पुढच्या मोठ्या सरीत छत्री घेऊन दहा मिनिटं अंगणाच्या कडेला उभ्या राहा. पाणी कुठे थांबतं, कुठे फिरतं, गच्चीचा पाइप कुठे रिकामा होतो ते बघा. नव्या घरांच्या अंगणात दोन गोष्टी मी हमखास पाहतो. गच्चीचं सगळं पाणी थेट लॉनच्या कोपऱ्यात सोडलेलं असतं, आणि कंपाउंडची भिंत अशी बांधलेली असते की अंगणाचा हौद होतो. त्यात पाया खणताना निघालेली खालची माती वर पसरलेली आणि विटांच्या ट्रकांनी दाबलेली. वरची कसदार माती तिच्याखाली गाडलेली असते.

गच्चीचा पाइप आधी लॉनवरून हटवा. तो नालीकडे न्या, नाहीतर शोषखड्ड्याकडे किंवा टाकीकडे. मे महिन्यात टाकीची आठवण येईल. मग गवंड्याला बोलवा आणि त्याच्या नळीने पाणसळ लावून घ्या. डोळ्यांवर विश्वास नको, सपाट दिसणारं अंगण पुष्कळदा घराकडे उतरतं. साधारण ५० फुटांना १ फूट उतार पुरे. तुमच्या अंगणाची लांबी घरापासून फाटकापर्यंत २५ फूट धरली तर ६ इंच. एवढा उतार चालताना कळत नाही, पाण्याला मात्र कळतो. जिथे पाणी जमेल त्या भिंतीच्या कडेने वीतभर रुंद आणि हातभर खोल चर घ्या, तळाशी गोटे, वर जाड रेती, आणि भिंतीच्या बुडाशी पाइप घालून पाणी नालीला जोडा. शेजाऱ्याच्या प्लॉटकडे नाही, नाहीतर पुढचं पत्र वेगळ्या सदराला लिहावं लागेल.

हे सांगताना एक आठवलं. लॉन ओट्याला भिडलेलं असेल तर घराच्या कडेचा तीनेक फुटांचा पट्टा मोकळा ठेवून तिथे फरशी टाका. काळी माती भिंतीलगत वर्षभर फुगत-आकसत राहिली की ओट्याला भेगा पडतात. मग लोक रंगाऱ्याला दोष देतात.

आता रेती. माळीदादांचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो सगळीकडे दिला जातो म्हणून जरा हिशेब करू. तुमचं अंगण १००० चौरस फूट. वरची सहा इंच माती म्हणजे ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास. तिच्यात १ ब्रास रेती मिसळली तर एकूण सहा भागांत रेती एक भाग. चिकण मातीचा स्वभाव बदलायला रेती निम्म्याहून जास्त लागते. त्याहून कमी घातली तर रेतीचे दाणे चिकणीत खड्यांसारखे रुतून बसतात आणि वाळल्यावर विटेसारखं घट्ट काहीतरी तयार होतं. पाच-सहा ब्रास रेती विकत घेऊन अंगणात पुरायची तुमची तयारी असेल असं मला वाटत नाही. रेतीचे आजचे भाव बघता कोणाचीच नसावी.

जिप्समचं यजमानांना समजावून सांगा. ते औषध आहे, पण चोपण जमिनीचं, म्हणजे जिच्यात सोडियम वाढलाय तिचं. जिप्सममधला चुना, म्हणजे कॅल्शियम, सोडियमला हुसकावतो. आपल्या बहुतेक काळ्या मातीत चुना आधीच भरपूर असतो. खणताना पांढरे खडे सापडतात ते चुनखडीचेच. चुन्यात चुना घालून निचरा वाढत नाही. तरी शंका असेल तर पावसाळा संपल्यावर माती परीक्षण करून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी प्रयोगशाळेत. सामू (पीएच) ८.५ च्या वर आला आणि सोडियम जास्त निघाला तर जिप्समचं बघू. बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही तपासून घ्या. घरात सॉफ्टनर लावला असेल तर त्याचं पाणी लॉनला कधीही नको. त्यात सोडियम असतो, आणि चांगली काळी माती चोपण करायचा तो सोपा मार्ग आहे.

मग माती सुधारायची कशी? वाफशावर, आणि शेणखताने. तुमच्या घरात कोणी शेती केली असेल तर वाफसा मला समजावून सांगावा लागणार नाही. नसेल तर मूठभर माती घ्या आणि दाबा. तिचा गोळा झाला, तळहातावर घोळल्यावर वाती वळता आल्या, तर माती अजून ओली आहे; अवजार तर सोडाच, पायही ठेवू नका. गोळा झाला पण अंगठ्याने टोचल्यावर भुगा झाला, तर वाफसा आला. दाबूनही गोळा होत नाही, ढेकूळ हातात टोचतं, तर उशीर झाला. काळ्या मातीत हा मधला काळ फार थोडा असतो, कधी चार दिवस, कधी दोनच. वडील वावरातून येताना खिशात मातीचं ढेकूळ घेऊन यायचे आणि ओसरीवर बसून बोटांनी चुरायचे. उद्या कोळपणीचे डवरे चालणार की नाही ते त्यावर ठरायचं. आई सदऱ्याचे खिसे झटकत चिडायची.

पोळा झाला की पाऊस भोळा होतो म्हणतात. तरी मी दसऱ्यापर्यंत थांबायला सांगेन. तेव्हा वाफशावर पिवळ्या भागात भोकं पाडायची. सब्बलीने नाही, कारण सब्बल मातीला बाजूला दाबते आणि भोकाची कड लिंपल्यासारखी होते. वेल्डरकडून पाऊण इंची जीआय पाइपचा कमरेएवढा तुकडा घ्या, खालचं तोंड तिरकं कापून धार लावून घ्या, आणि तोंडापासून वर बाजूला एक लांबट खाच ठेवायला सांगा. पाइप सहा इंच रोवून उपसला की मातीची कांडी आत येते, ती खाचेतून काढून टाकायची. दर सहा इंचांवर एक भोक. १०० चौरस फुटांना ४०० भोकं होतात आणि एका संध्याकाळी तेवढीच होतात. मी मोजलेली आहेत. म्हणून सगळं अंगण करू नका, जिथे चौकोन कापल्यावर वास आला तेवढाच भाग करा. भोकांत चाळलेलं कुजकं शेणखत किंवा गांडूळ खत आणि जाड रेती निम्मी-निम्मी मिसळून खराट्याने लोटा. रेतीचा उपयोग इथे आहे, घमेल्यांनी, ब्रासने नाही. लाल-काळ्याची ती रेघ अशी ठिकठिकाणी फुटली की मुळं खाली उतरतात. वरून पाव इंच चाळलेलं शेणखत पसरा. पाती दिसत राहिली पाहिजेत. हे दरवर्षी करत गेलात तर तीन-चार वर्षांत वरची दोन बोटं माती भुसभुशीत होईल. त्याहून लवकर होतं असं सांगणारा काहीतरी विकत असतो.

तेव्हाच हलकं खत द्या. अख्ख्या अंगणाला एक किलो युरिया, कोरड्या पातीवर फेकून लगेच पाणी. पुन्हा मार्चमध्ये एकदा. बस.

निचरा झाल्यावरही काही भाग पिवळाच राहिला आणि जवळून पाहिलं तर पात्याच्या शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी दिसली, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत लोह असूनही गवताला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घालू नका, तिथे तो लगेच अडकून बसतो. लिटरला ५ ग्रॅम हिराकस, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, आणि संध्याकाळी फवारणी. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि निघत नाहीत. माझ्या ओट्यावरचे डाग पाहुण्यांना मी अजून चहाचे सांगतो.

लव्हाळ्याची ओळख एकदा करून घ्या. काडी दोन बोटांत धरून फिरवा. गवताची गोल लागते, लव्हाळ्याला तीन कडा लागतात. तो उपटला तर खाली गाठ राहते आणि एका गाठीच्या चार होतात. आत्ता चिखलात उपटणं म्हणजे पेरणंच. दर आठवड्याला कापत राहा, की पान गाठीला पोसू शकणार नाही, आणि वाफसा आला की खुरप्याने गाठीसकट काढा. पाणी साचतं तिथेच तो माजतो, त्यामुळे चर झाला की त्याचा निम्मा जोर आपोआप जाईल.

हुमणीची परीक्षाही करून घ्या. पिवळं गवत मुठीत धरून ओढलं आणि ते चटईसारखं सुटून आलं, शिवाय साळुंक्या-कावळे तिथेच चोची मारत असतील, तर खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी असेल. चौरस फुटात पाच-सहा सापडल्या तर पुन्हा लिहा. एखाद-दुसरी प्रत्येक अंगणात असते. अंगणात कडुनिंब असेल तर पुढच्या वर्षी पहिल्या वळवानंतर संध्याकाळी त्यावर हुमणीचे भुंगेरे जमतात का ते बघा. फांद्या हलवून खाली पाडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. आणि कडुनिंबाखाली लॉनचा हट्टच नको. सावलीत ते उगवणार नाही, फरशी टाकून चार खुर्च्या ठेवा.

उन्हाळ्याचं पाणी हा वेगळाच विषय आहे, थोडक्यात सांगतो. १००० चौरस फुटांना एक इंच पाणी म्हणजे साधारण २,३५० लिटर. पारा ४५ वर गेला की लॉन हिरवं ठेवायला आठवड्यातून दोनदा एवढं लागतं, म्हणजे आठवड्याला ५,००० लिटरचा एक टँकर. रोज शिंपडून उपयोग नाही, पाणी वरच्या वर उडून जातं. पहाटे द्या, आणि एकदम सोडू नका. वीस मिनिटं देऊन थांबा, मुरू द्या, पुन्हा द्या. आणि वस्तीत पाण्याची ओरड असेल तर देऊच नका. भेगांत चाळलेली माती आणि शेणखत भरून ठेवा, महिन्यातून दोनदा जीव राहील इतकं भिजवा आणि गवताला झोपू द्या. तपकिरी लॉनची लाज वाटण्याचं कारण नाही, मे महिन्यात नागपुरात माणूसही हिरवा दिसत नाही.

पण असं झोपून मृगात पुन्हा उठणं कोणाला जमतं? हरळीला. म्हणून या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूचा आहे, फळ-बिळ सोडून. तुम्ही जी खणून काढलीत ती या मातीतली, या उन्हातली आणि या झडीतली पोरगी होती. जाड गालिच्यासारखी ती दिसणार नाही हे खरं, पण दर आठ दिवसांनी कापली तर बसायला-खेळायला उत्तम लॉन होतं. तिची मुळं त्या रेघेला जुमानत नाहीत. लाद्या जिथे तगल्या तिथे राहू द्या. जिथे मेल्या तिथे नव्या लाद्या विकत आणू नका, परत आलेल्या हरळीला उपटणं थांबवा आणि तिला पसरू द्या. अंगण वर्षभर ठिगळासारखं दिसेल. माळीदादांना ते आवडणार नाही, लाद्या विकणाऱ्याला त्याहून नाही.

मशीन साधं घ्या. एवढ्या अंगणाला पेट्रोलचं नको. हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं १४-१६ इंची पुरतं. पातं कात्रीसारखं कापतं की नाही ते दुकानातच कागद घालून बघा. गवत दीड इंच उंच ठेवा, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. झडीत गवत फार वाढलं तर एकदम नाही, आठवड्याच्या अंतराने टप्प्याटप्प्याने कापा. पावलांचे ठसे उमटत असतील त्या दिवशी मशीन बाहेर काढायचंच नाही.

आणि फाटकाजवळची चार फुटांची पट्टी सासूबाईंना देऊन टाका. मशीन फिरलेल्या हरळीला दूर्वांचा लांब, तीन पात्यांचा शेंडा येत नाही. गणपतीच्या आधी पंधरा-वीस दिवस तेवढी पट्टी कापायची नाही, एवढं माळीदादांना सांगून ठेवा.